वाहन चालत्या स्थितीत हजर करावे

आरोग्य उपकेंद्राचे चारचाकी वाहन (डिझेलवरचे, चारही चाकांना जोर लागणारे, वय एकवीस वर्षे) बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फाटकात बंद पडले. पुढची चाके रस्त्यावर होती, मागची आवारात. इंजिनाने दोन उचक्या दिल्या. तिसरी दिली नाही.

चालकाने बॉनेट उघडले. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पंप होता. टाकीतले डिझेल ओढून पुढे ढकलणे एवढेच त्याचे काम आणि ते त्याने एकवीस वर्षे एकही रजा न घेता केले होते. आता तो खालून ओला झाला होता. त्याच्यावरची हाताने दाबायची दांडी चालकाने दाबून पाहिली. ती निमूटपणे आत गेली आणि आतच राहिली.

"गेला," चालक म्हणाला.

पुढच्या सीटवर मलमपट्टीची पेटी मांडीवर घेऊन सिस्टर बसल्या होत्या. "कोण गेलं?"

"पंप."

"मग वर कसं जायचं?"

वर म्हणजे वरच्या वस्तीवर. एकोणीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा असे की तिथे या गाडीशिवाय दुसरे चाक चढत नसे. दर बुधवारी सिस्टर आठ रुग्णांची आठ कार्डे घेऊन जात. आठवे कार्ड चालकाच्या मावशीचे. डाव्या पायाला जखम, अंगात साखर. आई गेल्यावर याच मावशीने त्याला वाढवले, मारले आणि शिकवले, या क्रमाने. मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी बजावले होते, पट्टी दर आठवड्याला सिस्टरच्या हातचीच हवी. चुकली तर बोटे जातील.

चालकाने आपल्या साडूला बोलावले. साडू मेकॅनिक होता. त्याने बॉनेटखाली डोके घातले आणि तिथूनच निकाल दिला.

"दोन बोल्ट, दोन नळ्या, एक पॅकिंग. मग लाइनमधली हवा काढायची. चाळीस मिनिटं. चहा धरून पन्नास. पंप आणा."

पंप होता. उपकेंद्राच्या भांडारात, काचेच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर, याच गाडीचा, कोरा, खोक्यात. चार वर्षांपूर्वी आलेला. भांडारपाल दर सोमवारी त्याचे खोके पुसत असत. म्हणजे गाडी, पंप, मेकॅनिक आणि पाने हे सगळे एकमेकांपासून चाळीस पावलांच्या आत हजर होते. एवढी अनुकूल परिस्थिती त्या कार्यालयात पूर्वी कधी आली नव्हती, त्यामुळे काय करायचे हे कोणालाच कळेना. सगळे हेडक्लार्ककडे गेले.

"लॉगबुक दाखव," हेडक्लार्क म्हणाले.

लॉगबुकात गाडीच्या स्थितीसाठी दोनच रकाने होते. चालकाने सकाळीच, प्रामाणिकपणे, सुवाच्य अक्षरात नोंद केली होती.

*बुधवार. ९.१०. बंद.*

हेडक्लार्कांनी चष्मा काढला. "अरे, बंद कशाला लिहिलंस?"

"बंद आहे म्हणून, भाऊसाहेब."

"बंद गाडी निर्लेखन कक्षाकडे जाते. ती मोडीत काढायची असते. मोडीत निघणाऱ्या गाडीला नवा पंप कोण देईल? पंप मिळतो तो चालू गाडीला."

"पण चालू गाडीला पंप कशाला लागेल?"

"बघ, तपासनीस हाच प्रश्न विचारतात. म्हणून तर तपासणी ठेवली आहे." हेडक्लार्कांनी चष्मा पुन्हा लावला आणि पद्धत सांगितली. आधी गाडी नोंदीत चालू हवी. मग अर्ज. मग खाली दोन किलोमीटरवरच्या तपासणी आवारात वाहन चालत्या स्थितीत हजर करावे. तिथे तपासनीस जुना पंप निकामी असल्याचे प्रमाणित करतात. मग तो काढून भांडारात जमा करायचा आणि नवा घ्यायचा. "सरळ काम आहे. उगाच घाबरतोस."

"मग हे बंद खोडू?"

"खाडाखोड चालत नाही! तुला नोकरी नकोशी झाली का? खालच्या ओळीत लिही."

*बुधवार. ९.४०. चालू.*

हे लिहून झाल्यावर चौघांनी गाडी ढकलून आवारात घेतली.

अर्ज निघाला. या कार्यालयात कागदावर काय लिहायचे याबद्दल कोणाला कधी संभ्रम पडत नसे. प्रत्येक टेबलावर एकच शेरा मिळायचा: *पाहिले.* खाली आद्याक्षर, तारीख. मंजूर लिहिले तर मंजुरीची जबाबदारी आली. नामंजूर लिहिले तर कारण द्यावे लागते. पाहिले या शब्दात डोळे उघडे होते एवढेच सिद्ध होते. साहेबांनी तर त्याचा शिक्काच करून घेतला होता. अर्जावर अकरा जणांचे पाहिले झाले आणि तपासणीची तारीख मिळाली, सव्वा महिन्यानंतरची.

दरम्यान पुढचा बुधवार आला.

"आज जायचं ना?" हेडक्लार्क म्हणाले.

"कशात बसून?"

"गाडी चालू आहे. चालू गाडी बुधवारी वर गेली नाही, तर चालक कामचुकार ठरतो. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

गाडीचे मीटर नऊ वर्षांपूर्वीच अडकले होते. त्यामुळे ती किती चालली हे सांगणारे एकमेव साधन लॉगबुक होते. चालकाने पेन उचलले. मग त्याने स्वतःला सांगितले की हे मावशीसाठीच आहे. हे लिहिले नाही तर तपासणी नाही, तपासणी नाही तर पंप नाही.

*बुधवार. वर गेलो. आलो. ३८ किमी. सुरळीत.*

सुरळीत हा शब्द त्याने आपणहून घातला होता, ओळ भुंडी दिसत होती म्हणून.

सिस्टरनी आपल्या नोंदवहीत काही लिहायला साफ नकार दिला. "मी पट्टी केली नाही, तर केली असं लिहिणार नाही."

"खोटं लिहा असं कोण म्हणतंय, सिस्टर? गाडीच्या नोंदीशी मेळ घाला एवढंच म्हणतोय."

सिस्टरनी रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना वरच्या कार्यालयात पाठवता येत नाही, म्हणून टपाल पाहणाऱ्या कारकुनाने तो लॉगबुकावरून भरला: *आठही रुग्णांस भेट दिली.* सिस्टरनी दुसरी गाडी मागणारे पत्र थेट वरच्या कार्यालयाला पाठवले. तीन दिवसांत उत्तर आले. एवढ्या तत्परतेची कार्यालयाला सवय नव्हती. लिहिले होते: आपले वाहन चालू असून फेऱ्या नियमित होत आहेत. सबब पर्यायी वाहनाचा प्रश्न उद्भवत नाही. रुग्णसेवेबद्दल अभिनंदन.

शुक्रवारी मावशीचा फोन आला.

"काय रे, तुमच्याकडे बुधवार बंद केला का?"

"नाही मावशी. गाडीचा पंप गेलाय."

"मग बसव की दुसरा."

"फाइल वर गेली आहे."

"वर? इथं तर कोणी आलं नाही. आली तर पाणी देईन हो तिला."

"पाय कसा आहे?"

"आहे अजून," मावशी म्हणाली. "तू जेवतोस ना वेळेवर?"

*बुधवार. वर गेलो. आलो. ३८ किमी.*

*बुधवार. वर गेलो. आलो. ३८ किमी. वाटेत दगड पडला होता, बाजूला केला.*

हा दगड हेडक्लार्कांनी सुचवला. सगळे बुधवार सारखे दिसले तर तपासणीला संशय येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

फेऱ्या होत होत्या म्हणून डिझेलही मिळत होते. ते टाकीत मावेना तेव्हा कॅनमध्ये भरले. कॅन संपल्यावर भांडारपालांनी ते सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरले आणि वर चिठ्ठ्या लावल्या. चौथ्या फेरीनंतर लॉगबुकाप्रमाणे इंजिनाचे तेल बदलायची वेळ आली. ते मात्र खरोखर बदलले, कारण तेल बदलायला गाडी चालावी लागत नाही. साडूने नवे तेल ओतता ओतता एकदाच विचारले, "आपण हे मढ्याला न्हाऊ घालतोय का?" चालकाने जुन्या तेलाची बादली उचलून बाजूला ठेवली. त्याने गेल्या आठवड्यात मावशीला तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा ती जेवणाबद्दलच बोलली होती.

सहाव्या बुधवारची नोंद झाल्यावर हेडक्लार्क स्वतः उठून चालकाकडे आले आणि त्यांनी त्याच्या हातात हात दिला.

"अभिनंदन. तुझी मावशी बरी झाली."

"आं?"

"सलग सहा पट्ट्या झाल्या की जखम भरली असं धरतात. नियम आहे. कार्ड आज बंद केलं. बरी, असा शेरा दिलाय, लाल शाईनं."

"भाऊसाहेब, एकही पट्टी झालेली नाही!"

"हळू बोल," हेडक्लार्क कळवळून म्हणाले. "तूच सहा वेळा सही करून सांगितलंस, झाली म्हणून."

शुक्रवारी तपासणी होती. तपासणी आवार उताराच्या पायथ्याशी असणे ही त्या सबंध प्रकरणातली एकमेव देवकृपा. गाडी फाटकापर्यंत ढकलली, चालकाने गिअर काढून घेतला आणि दोन किलोमीटर तिला सोडून दिले. स्टिअरिंग फिरवायला बैलाची ताकद लागत होती. शेवटच्या वळणावर तो ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि गाडी तपासनीसांच्या खुर्चीपुढे हातभर अंतरावर येऊन थांबली.

तपासनीस प्रसन्न झाले. "वा! ब्रेक उत्तम."

त्यांनी हॉर्न वाजवला. दिवे लावले. वायपर फिरवले. तेलाची काडी काढून पाहिली. तेल सोन्यासारखे होते. मग त्यांनी बॉनेटला कान लावला आणि ते बराच वेळ तसेच राहिले.

"एकवीस वर्षांची गाडी, आणि इंजिनाचा आवाज बघा. काहीच नाही!"

"साहेब, ती सुरूच नाही," चालक म्हणाला.

"सुरू नाही, मग आली कशी?"

"उतारानं."

"उतार हा रस्त्याचा गुण झाला. माझ्या फॉर्मवर रस्त्याला रकाना नाही." तपासनीसांनी फॉर्म उलटसुलट करून दाखवला. मग आवाज खाली आणला. "हे बघ बाबा. चालत आली म्हणालास तर ती चालू. चालत नाही म्हणालास तर बंद, आणि बंद गाडी इथून परत जात नाही. तो बघ मागं ढीग. बोल, काय लिहू?"

मागे ढीग होता. त्यात ओळखीची दोन बॉनेटे होती. चालकाच्या डोळ्यांपुढे शेवटचे सहा किलोमीटर आले.

"चालू," तो म्हणाला.

*तपासणी अहवाल: वाहन उत्तम स्थितीत. इंजिनाची शांतता विशेष प्रशंसनीय. पंप बदलण्याची आवश्यकता नाही.*

गाडी परत वर न्यायला अकरा माणसे आणि एक दोर लागला. तपासणी आवाराच्या रखवालदाराने नियमाप्रमाणे नोंद केली: *परतीचा प्रवास सुरळीत. सोबत अकरा प्रवासी.*

चालकाने त्या दिवशी डबा उघडला नाही. साडू त्याच्याजवळ येऊन बसला. "माझ्याकडे एक पंप आहे," तो म्हणाला. "मोडीतल्या गाडीचा, पण धडधाकट. रविवारी ऑफिस बंद असतं."

"नोकरी जाईल."

"जाईल," साडूने मान्य केले. "बोटंही जातील. तू ठरव काय आधी जाऊ द्यायचं ते."

रविवारी दुपारी त्यांनी दोन बोल्ट काढले. नळ्या सोडवल्या. जुन्या पंपाच्या आतला पडदा फाटून चोथा झाला होता. नव्या पॅकिंगला ग्रीस लावून पंप बसवला. साडू दांडी दाबत राहिला आणि चालक फिल्टरवरचा स्क्रू सैल करून वाकून बघत राहिला. आधी नुसती हवा आली, मग फेस, मग बुडबुडे आणि अखेरीस डिझेलची स्वच्छ, अखंड धार. स्क्रू आवळला. चावी फिरवली. इंजिनाने काळ्या धुराचा एक भला मोठा ढेकर दिला आणि ते धडधडू लागले. उपकेंद्राच्या फाटकावरचा रखवालदार दचकून स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याने ती गाडी लॉगबुकात सहा वेळा बाहेर सोडली होती, पण आवाज दीड महिन्यात प्रथमच ऐकत होता.

एकूण अडतीस मिनिटे. चहा कोणी प्यायलेच नाही.

सिस्टर सुट्टी सोडून आल्या. शेवटच्या सहा किलोमीटरला चालकाने छोटा दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला. गाडी दगडांवरून चढली. वाटेत एकही दगड बाजूला करावा लागला नाही.

मावशी दारात शेळीचे दावे सोडवत बसली होती. "आज बुधवार आहे का?" तिने विचारले.

सिस्टरनी पट्टी सोडली. त्यांच्याआधी वास बोलला. दोन बोटे काळी पडली होती.

तिला उचलून गाडीत घातले आणि थेट मोठ्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि चालकाकडे पाहिले. "महिनाभर कोणी पट्टी केली नाही का? तेव्हा आणलं असतं तर बोटं वाचली असती."

"आम्ही सहा वेळा गेलो होतो, डॉक्टर," चालक म्हणाला. "लॉगबुकात."

बोटे काढली. पाय वाचला.

सोमवारी चौकशी बसली. तिने काम झपाट्याने उरकले. उत्तम स्थितीतल्या वाहनाला अनधिकृत सुटा भाग जोडून त्याची स्थिती बदलण्यात आली. रविवारच्या फेरीची लॉगबुकात पूर्वनोंद नाही. सदर फेरीत बऱ्या झालेल्या इसमाची विनाकारण वाहतूक करण्यात आली. बोटांबाबत समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. ती कार्ड बंद झाल्यानंतर निकामी झालेली असल्याने त्यांचा या कार्यालयाशी संबंध जुळत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला.

*आदेश: वाहन तपासणीच्या दिवशी होते त्या उत्तम स्थितीत पूर्ववत आणावे. अनधिकृत पंप काढून मोहोरबंद करावा. मूळ पंप बसवावा.*

तो पंप चालकालाच बसवावा लागला. दोन बोल्ट, दोन नळ्या. या वेळी हवा काढावी लागली नाही. गाडी पुन्हा प्रशंसनीय शांत झाली.

आदेशाच्या तळाशी मात्र एक बारीक ओळ होती. सिस्टरनी ती शोधून काढली. अशा प्रकरणाची फाइल पंधरा दिवस नागरिकांना पाहण्यासाठी ठेवावी लागते. त्या मुदतीत कोणाही एका नागरिकाने कारण देऊन लेखी हरकत घेतली, तर आदेश रद्द होतो आणि कपाटातला पंप गाडीला द्यावाच लागतो. एक हरकत. एक ओळ पुरे. फक्त कर्मचारी, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना लिहिता येत नाही, ते हितसंबंधी ठरतात.

दाखल्यांच्या खिडकीबाहेर, लोक नंबर घेऊन बसतात तिथे, टेबलावर फाइल ठेवली. शेजारी दोरीने बांधलेले पेन. समोरच्या बाकावर मावशी येऊन बसू लागली. गाडी नाही, त्यामुळे तिला घरी जाता येत नव्हते. ती भाच्याकडे राहत होती आणि शेळ्या शेजारणीकडे होत्या. शेजारणीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. वर अजून सात कार्डे उघडी होती. त्यांच्या दुखण्यांना नियमाने बारा भेटी लागत, आणि दर बुधवारी ती एकेक भेटीने बरी होत चालली होती.

लोक फाइल वाचत. वेळ असायचाच. अकरा प्रवाशांशी आले की हसत. इंजिनाच्या शांततेशी आले की शेजारच्याला वाचून दाखवत. एका गृहस्थांनी फोटो काढून घेतला. मग नंबर पुकारला जायचा, ते घाईने पेन उचलायचे आणि काहीतरी लिहून जायचे. चालक जेवणाच्या सुट्टीत येऊन मावशीला वाचून दाखवी.

"त्या चष्मेवाल्यांनी काय लिहिलं?"

"पाहिले."

"आणि त्या मास्तरीणबाईंनी? डोळे पुसत होत्या की."

"पाहिले."

"तो पोटभर हसला तो?"

"पाहिले. पुढे छान असंही लिहिलंय."

चाळीस ओळी भरल्या. आज पंधरावा दिवस. पाच वाजता फाइल बांधायची आहे. शेवटच्या पानावर एक ओळ मोकळी आहे, एकेचाळिसावी. तुमचा नंबर यायला अवकाश होता, म्हणून तुम्ही ही फाइल उचललीत आणि पहिल्या पानापासून इथवर वाचलीत. दगडाशी हसलात. बोटांशी जरा थांबलात. मावशीने दोन्ही पाहिले.

दोरी आखूड आहे, पण एका ओळीला पुरते.

खिडकीतून तुमचा नंबर पुकारतात. तुम्ही पेन उचलता, झटकन एक शब्द लिहिता, खाली सही करता, तारीखही घालता. अक्षर सुवाच्य आहे.

समोरच्या बाकावर मावशी पट्टीचा पाय सरळ करते आणि मान उंचावून विचारते, "काय लिहिलंत हो?"